बावन्न साल चालू आहे

संग्रहालयात त्याला सगळे इसपू म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपुस्तकात होतं, तेवढीच त्या नावाची वस्ती. एकोणतीस वर्षं हा माणूस एकाच कामाला होता. मडकी, नाणी, बाणांची टोकं, नाक तुटलेला दगडी सिंह, या सगळ्यांसमोर ठेवायची लेबलं हाताने लिहायची. ज्या वस्तू खरोखर जुन्या, त्यांच्या लेबलावर सालाआधी ‘इ.स.पू.’ यायचंच. इसवी सनापूर्वी. ते लिहून लिहून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला घट्टा पडला आणि घट्ट्याबरोबर हे नावही पडलं. सुरुवातीला तो रागावला. मग त्याच्या लक्षात आलं, की शिपायापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना आपण निदान दोन हजार वर्षांपूर्वीचे वाटतो, आणि आरशात पाहिलं तर त्यांचं फारसं चुकतही नाही.

त्याची खोली जिन्याखाली होती. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं, म्हणून कामावर तो ताठ उभा राहतच नसे. एक टेबल, एक दिवा, काळ्या शाईची दौत, तीन टाक आणि पुठ्ठ्याचे एकसारखे कापलेले तुकडे. बाकीच्या जगात लेबलं छापायची यंत्रं येऊन जमाना झाला होता. इथेही एक आलं होतं. ते आल्याच्या आठवड्यातच बिघडलं आणि दुरुस्तीवाल्याला कळवायचं काम इसपूकडे आलं. ते त्याने अजून कळवलेलं नाही.

सालाच्या बाबतीत आपला हात कोणी धरणार नाही, असं मात्र त्याला मनापासून वाटायचं. कुठल्या राजाच्या राज्याचं सातवं वर्ष म्हणजे आपलं कितवं, कुठल्या धर्माचं अमुक साल म्हणजे दुसऱ्याचं कुठलं, हे तो तोंडी इकडचं तिकडे करून सांगायचा. त्यातही शून्य साल हा त्याचा लाडका विषय. इसवी सनापूर्वीचं पहिलं साल संपलं की दुसऱ्या दिवशी थेट इसवी सनाचं पहिलं सुरू होतं. मध्ये शून्य नावाचं साल नाहीच. त्यामुळे इकडून तिकडे मोजताना भलेभले एका वर्षाने आपटतात. हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. पहारेकरी तर त्याला लांबून पाहूनच म्हणायचा, ‘‘नाही हो, शून्य नाही. पाठ झालंय.’’

एवढं करून लेबलं वाचत कोण होतं? एकदा त्याने महिनाभर दर रविवारी सिंहाशेजारी उभं राहून पाळत ठेवली. चार रविवारांत आठ माणसं लेबलापाशी वाकली. त्यातल्या तिघांना स्वच्छतागृहाचा बाण हवा होता, चौघं बुटाची नाडी बांधत होते. आठव्याने खरोखर वाचलं आणि इसपूकडे वळून विचारलं, ‘‘याचं नाक कुठाय?’’

अशा या माणसाच्या टेबलावर एका सकाळी वरच्या कार्यालयाचं परिपत्रक येऊन पडलं. यापुढे सर्व लेबलांवर साल धर्माचा उल्लेख न करता लिहावं. ‘इसवी सन’ऐवजी ‘सामान्य युग’, ‘इसवी सनपूर्व’ऐवजी ‘सामान्य युगपूर्व’. आकडे आहेत तेच राहतील. संग्रहालयातली लेबलं होती अकराशे सेहेचाळीस.

तो परिपत्रक घेऊन तडक संचालकबाईंकडे गेला. बाई नवीन होत्या, वयाने त्याच्या निम्म्या, आणि त्याला काका म्हणत. हे काका त्याला सुपारीसारखं दातात अडकायचं.

‘‘बाई, आकडा तोच?’’

‘‘तोच.’’

‘‘सुरुवात तीच?’’

‘‘तीच, काका.’’

‘‘मग बदललं काय? भाडेकरू तोच, घर तेच, दारावरची पाटी तेवढी नवी!’’

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘‘इसवी म्हणजे त्या एका धर्माच्या देवमाणसाच्या जन्मापासूनचं. आपल्याकडे येणारे सगळेच काही त्याला मानत नाहीत. त्यांना का म्हणून त्याच्या जन्मापासून मोजायला लावायचं?’’

‘‘मोजतात की अजून! आणि ज्या साधूने हे मोजून ठरवलं, त्याचा तरी हिशेब कुठे बरोबर होता? जाणकार सांगतात, तो जन्म चारसहा वर्षं आधीच झाला होता. म्हणजे देवमाणूस स्वतःच्या जन्माआधी जन्मला. अशा चुकीवर सगळं जग चाललंय आणि आपण पाटी रंगवतोय.’’

‘‘चालतंय ना पण?’’ बाई म्हणाल्या. ‘‘सगळ्यांनी मिळून एक कुठलं तरी धरायचं, एवढंच. कुणापासून ते विसरून जायचं.’’

यावर चोख उत्तर त्याला जिन्याखाली पोचल्यावर सुचलं. त्याला चोख उत्तरं नेहमी जिन्याखालीच सुचायची. शिपाई त्याच दिवसापासून त्याला ‘सायुपू’ म्हणू लागला, पण ते कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून आठवड्याभरात तो परत इसपू झाला.

घरी वेगळंच चाललं होतं. घरी तो, बायको आणि आई. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, काटक, बोलणं मोजकं. बायको बसस्थानकावर तिकीटखिडकीत बसायची, सकाळी सातला निघायची. तो नऊला निघायचा. त्यानंतर संध्याकाळपर्यंत आई एकटी. गेल्या दोन महिन्यांत दोनदा दुपारी गॅस चालू राहिला होता. एकदा पातेलं जळून कोळसा झालं, दुसऱ्यांदा शेजारीण वासाने धावत आली म्हणून निभावलं.

इसपूचा मोठा भाऊ, दादा, दुसऱ्या शहरात होता. तो रोज फोन करायचा आणि रोज एकच म्हणायचा, ‘‘आईला संस्थेत ठेवू. तिथे परिचारिका असतात. विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी वेगळा विभाग आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो फक्त.’’ दादाचं चुकत नव्हतं, हीच पंचाईत होती. चुकत असता तर इसपूने त्याला शून्य साल ऐकवलं असतं.

आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मी कुठेही जाणार नाही.’’ आणि ओट्याकडे वळून कप विसळू लागली. तो कप ती बराच वेळ विसळत होती. तिचे खांदे इसपूला पाठीमागून दिसत होते, पण त्याने काय करावं? त्याने आपलं नेहमीचं केलं. दादाला ‘बघू’ म्हणाला, आईला ‘बघू’ म्हणाला आणि बायकोलाही ‘बघू’ म्हणाला.

‘‘बघून झालं की सांगा,’’ बायको म्हणाली.

शेवटी डॉक्टरांची वेळ घेतली. गुरुवारी स्मरणशक्तीची तपासणी. त्यावर ठरणार होतं, आई घरात राहणार की संस्थेत जाणार.

आता परीक्षा म्हटली की अभ्यास आला, आणि अभ्यास घेण्याचं या माणसाला ठाऊक असलेलं एकच साधन म्हणजे लेबल. त्याने घरभर लेबलं लावली. उत्तम काळी शाई, शिरोरेषा पट्टी लावल्यासारखी. फ्रिजवर ‘आजचा वार’, आरशावर ‘चालू महिना’, देव जाणे का, पण खुर्चीवर ‘खुर्ची’. आणि आईच्या खाटेसमोर, संग्रहालयातल्या सिंहालाही मिळालं नसेल एवढ्या मोठ्या अक्षरात, ‘चालू साल’ आणि त्याखाली आकडा. आकड्यापुढे परिपत्रकाप्रमाणे ‘सामान्य युग’ असंही लिहून झालं. ते पाहून बायको म्हणाली, ‘‘बरं झालं लिहिलंत, नाहीतर आईंना वाटायचं आपण सिंहाच्या शेजारी राहतो.’’

आईने लेबलं वाचली की नाही कळायला मार्ग नव्हता. खुर्चीवरचं तिने घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवलं. टेबल मात्र त्यामुळे स्थिर झालं. एकोणतीस वर्षांत त्याच्या लेबलाचा कोणाला एवढा उपयोग झाला नव्हता.

गुरुवारी डॉक्टरांनी आईला समोर बसवलं. इसपू मागे उभा, परीक्षेला बसलेल्या पोराच्या बापासारखा. नाव बरोबर. मुलं किती, दोन. वार कोणता, गुरुवार. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर आई थेट दोनापर्यंत आली आणि ‘‘पुढे जात नाही,’’ म्हणाली. इसपूची छाती फुगली.

‘‘आजी, आता साल कोणतं चालू आहे?’’

‘‘बावन्न,’’ आई म्हणाली.

इसपूने भुवया उचलल्या, खोकला, हाताने हवेत आकडा काढला. आईने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा डॉक्टरांना सांगितलं, ‘‘बावन्न चालू आहे.’’

‘‘महिना?’’

‘‘सातवा.’’ नव्हता.

‘‘तारीख?’’

‘‘एकोणीस.’’ त्या दिवशी तीस तारीख होती.

डॉक्टर लिहीत राहिले. इसपूच्या खिशात नेहमी पुठ्ठ्याचे तुकडे असत. त्यानेही एकावर लिहून घेतलं: बावन्न, सातवा, एकोणीस. का लिहून घेतलं ते त्याला सांगता आलं नसतं. आकडा दिसला की तो लिहायचा, एवढंच. आणि मग, अवघडलेपण घालवायला, तो हसत म्हणाला, ‘‘डॉक्टर, आमच्याकडे असंच. मी दोन हजार वर्षं मागे, आई जरा कमी.’’

डॉक्टर हसले. आई हसली नाही. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तो विनोद परत घेता आला असता तर त्याने दौतीसकट घेतला असता.

‘‘दोन आठवड्यांनी परत आणा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘असंच असलं तर दाखला देतो. घरी एकटं ठेवणं बरं नव्हे.’’

दादाला फोनवर कळवलं. दादाने संस्थेत खाट सांगून ठेवली.

त्यानंतरचे दिवस इसपू जिन्याखाली बसून ‘सामान्य युगपूर्व’ लिहायचा प्रयत्न करत होता आणि तो पुठ्ठ्याचा तुकडा समोर टेकवून ठेवलेला होता. आकडा ठासून सांगायची आईची रीत त्याला टोचत होती. गोंधळलेला माणूस असा बोलत नाही. तो ‘बहुतेक’ म्हणतो, ‘असेल’ म्हणतो. आई ‘चालू आहे’ म्हणाली होती.

मग त्याला आठवलं, की आई असे आकडे पूर्वीही बोलायची. ‘‘तेवीस साली तू नोकरीला लागलास,’’ ‘‘चोवीस साली सूनबाई आली.’’ आणि दर वेळी तो, तारखांचा पंडित, तिला हसून म्हणायचा, ‘‘आई, चोवीस साली तुझाच जन्म झाला नव्हता!’’ पाहुण्यांसमोरसुद्धा म्हणायचा. पुढे पुढे आईने असं बोलणंच बंद केलं. आपणच तिचं तोंड बंद केलं, हे आता त्या जिन्याखाली त्याला स्वच्छ दिसलं आणि त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की तो ताठ उभा राहिला आणि डोकं पायरीवर आपटलं.

म्हणजे आईची एक कालगणना होती. कुठून तरी सुरू झालेली. इसपूने बाह्या सरसावल्या. त्या गुरुवारच्या तारखेतून बावन्न वर्षं, सात महिने, एकोणीस दिवस वजा केले. उत्तर म्हणून जो दिवस आला, त्या दिवशी तो स्वतः पाच वर्षांचा होता. त्या वर्षी काय झालं? काहीच नाही. आईचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. वडील गेले ते वीस वर्षांपूर्वी. हे घर घेतलं ते नंतर. त्याने जुनी पत्रं काढली, जुने फोटो उलटे करून पाहिले. पाचव्या वर्षाच्या त्या दिवशी त्यांच्या घरात कोणी जन्मलं नव्हतं, मेलं नव्हतं, गावाला गेलं नव्हतं. फुटक्या मडक्याचं साल ओळखणाऱ्याला आईचं साल ओळखता येईना.

तिसऱ्या दिवशी संचालकबाई जिन्याखाली आल्या. लेबलं किती झाली विचारायला आल्या होत्या. झाली होती सहा.

‘‘काका, काय झालंय?’’

त्याने सांगायचं नाही ठरवलं आणि सगळं सांगितलं. बाईंनी तो तुकडा उचलला, त्याची वजाबाकी पाहिली, पुन्हा तुकडा पाहिला.

‘‘काका, तुम्ही बावन्न वजा केलेत. पण त्यांचं बावन्न चालू आहे, म्हणजे पुरी झाली एक्कावन्नच. महिनेही पुरे सहाच, दिवस अठरा. पहिलं साल त्या एक धरणार, शून्य नाही. हे तुम्हीच तर...’’

बाईंनी वाक्य पुरं केलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. पहारेकरी असता तर त्याने केलं असतं.

इसपूने तुकडा परत घेतला. एकोणतीस वर्षं ज्या खड्ड्याची पाटी लावून जगाला सावध केलं, त्यात हा स्वतः पाटीसकट पडला होता. मग त्याने पुन्हा वजाबाकी केली. एक वर्ष, एक महिना आणि एक दिवस उत्तर पुढे सरकलं. एका महिन्याची बारा तारीख आली. तो सहा वर्षांचा होता, पहिलीत. तरीही त्याला काही आठवेना. पहिलीत त्याचे बरेच दिवस बुडाले होते, एवढंच अंधूक. ताप आला होता म्हणे. त्याला लक्षात होती ती फक्त शाळेतून मिळालेली लांबलचक सुट्टी.

संध्याकाळी तो घरी आला. आई शेजारणीकडे बसली होती. बायको स्वयंपाकघरात होती. त्याने तिला ती तारीख सांगितली आणि विचारलं, ‘‘या दिवशी काय झालं होतं, तुला काही कल्पना?’’

बायकोने हातातलं काम थांबवलं. ‘‘तुम्हाला माहीत नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘अहो, त्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत. अठरा दिवस तापात बेशुद्ध होतात. डॉक्टरांनी आशा सोडली होती. आईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं. त्या तिथूनच सालं मोजतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही मुद्दाम चेष्टा करता.’’

‘‘डॉक्टरांकडून आल्यावर का नाही बोललीस?’’

‘‘तुम्ही मला सांगितलंत का त्या काय म्हणाल्या ते? ‘साल चुकलं’ एवढंच सांगितलंत.’’

हे खरं होतं.

‘‘दरवर्षी त्या बारा तारखेला आई तुमच्या डोक्यावरून हात फिरवतात,’’ बायको म्हणाली. ‘‘आणि दरवर्षी तुम्ही म्हणता, केस विस्कटू नकोस. आता तर विस्कटायला उरलेलेही नाहीत, तरी म्हणता.’’

तिने त्याला हाताला धरून, जुन्या घरातून आलेल्या डब्यांच्या लाकडी कपाटापाशी नेलं आणि दार उघडून आतली बाजू दाखवली. पेन्सिलीच्या उभ्या रेघा, एकापुढे एक, चार ओळींत. हे दार त्याने हजारदा उघडलं असेल. रेघाही पाहिल्या होत्या. आई दुधाचा हिशेब ठेवते असं तो धरून चालला होता, आणि एकदा तर ‘वही घे, कपाट कशाला खराब करतेस’ असं शहाणपणही शिकवून झालं होतं. आता त्याने बोट ठेवून मोजल्या. बावन्न. बाकीच्या सगळ्या सरळ होत्या. पहिली तेवढी वाकडी, खाली जाता जाता एकदम घसरलेली.

त्याला रडू आलं. बायकोने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि डबा काढायला आल्यासारखा डबा काढला.

दोन आठवडे भरले त्या गुरुवारी डॉक्टरांकडे जाताना तो पूर्ण तयारीनिशी गेला. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर व्यवस्थित कोष्टक: डाव्या बाजूला आईचं साल, उजव्या बाजूला जगाचं, खाली मोजण्याची पद्धत, तळाला ‘शून्य साल नाही’ अशी टीप. त्याने ते डॉक्टरांपुढे ठेवलं आणि घसा साफ करून सुरुवात केली. जगात किती कालगणना आहेत, काही धर्माच्या, काही राजांच्या, काही कशाच्याच नाहीत...

‘‘तू जरा गप्प बसतोस?’’ आई म्हणाली.

तो गप्प बसला.

डॉक्टरांनी कोष्टक उलटसुलट पाहिलं. मग आईला विचारलं, ‘‘आजी, आज तारीख?’’

‘‘आठव्याची दोन. तुमच्याकडे येऊन दोन आठवडे झाले. तुमच्या शर्टाचं ते बटण तेव्हाही तुटलेलं होतं.’’

डॉक्टरांनी बटणाच्या जागी हात नेला. ‘‘आणि बाहेर, सगळ्यांचं साल कोणतं चालू आहे?’’

आईने ते बिनचूक सांगितलं. महिना, तारीख, सगळं.

‘‘मग मागच्या वेळी का नाही सांगितलंत?’’

‘‘तुम्ही साल विचारलंत. कुणाचं ते विचारलं नाहीत.’’ आईने इसपूकडे बोट दाखवलं. ‘‘बाहेरचं साल दुधाच्या पिशवीवर असतं. ते काय, कुणीही वाचेल. हा ते एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून माझ्या खाटेसमोर लावतो. मला वाटलं, याचंच काहीतरी बिघडलंय.’’

डॉक्टर मोठ्याने हसले. पण मग कागद पुढे ओढून म्हणाले, ‘‘साल ठीक. गॅसचं काय?’’

आईची मान खाली गेली. ‘‘तो मी विसरले,’’ ती म्हणाली. ‘‘दोन्ही वेळा. खोटं कशाला सांगू?’’

‘‘दाखला मी देत नाही,’’ डॉक्टर इसपूला म्हणाले. ‘‘विसरणं या वयाचं आहे, एवढ्यावरून संस्थेत पाठवायची गरज नाही. पण दिवसा घरात कोणीतरी हवं. ते जमत नसेल तर तुमचे भाऊ म्हणतात तेच करावं लागेल.’’

दिवसा घरात कोण? बायकोची तिकीटखिडकी घरी आणता येत नव्हती. परत येताना बसमध्ये आई खिडकीबाहेर बघत होती आणि एकदाही काही विचारत नव्हती. इसपूला ‘बघू’ म्हणायची फार इच्छा झाली. तो म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो संचालकबाईंकडे गेला. ‘‘बाई, ती अकराशे लेबलं.’’

‘‘हो काका, आपण ते यंत्र दुरुस्त करून घेऊ. मी आजच...’’

‘‘नको!’’ तो इतक्या जोरात म्हणाला की बाई दचकल्या. ‘‘म्हणजे, सामान्य युगाचं एवढं महत्त्वाचं काम यंत्रावर सोडू नये. धर्माचा प्रश्न आहे. मी घरी बसून लिहितो. घरी उजेड चांगला आहे. आणि घरी मला उभंही राहता येतं.’’

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. ‘‘भाडेकरू तोच, पाटी नवी, असं कोणीतरी म्हणत होतं.’’

‘‘तो मूर्ख माणूस होता,’’ इसपू म्हणाला.

बाईंनी परवानगीच्या कागदावर सही केली आणि यंत्राचा विषय पुन्हा काढला नाही.

मग त्या डुगडुगणाऱ्या, आता स्थिर असलेल्या टेबलावर दौत आली. दादाला त्याने सगळं सांगितलं. दादा म्हणाला, ‘‘त्या अठरा दिवसांत मी काकूकडे होतो. मला कोणी काही सांगत नव्हतं. घरी आलो तेव्हा तू उठून बसला होतास आणि माझी पेन्सिल चावत होतास.’’ संस्थेतली खाट त्याने सोडून दिली.

आई समोर बसून निवडायचं काम करायची, तो लिहायचा. गॅसकडे दोघंही आळीपाळीने बघायचे. एकदा दूध उतू गेलं तेव्हा दोघंही तिथेच होते, त्यामुळे दोष कोणाला द्यायचा हे ठरेना.

‘‘काय खरडतोस एवढं?’’ एकदा आईने विचारलं.

त्याने सांगितलं. आधी एकाच्या जन्मापासून मोजायचे. आता मोजायचं तिथूनच, पण त्याचं नाव घ्यायचं नाही.

‘‘म्हणजे कुणापासून?’’

‘‘कुणापासूनच नाही.’’

आईने विचार केला. ‘‘असू दे. सगळ्यांना एकदम मोजायचं म्हटलं की तसंच करावं लागत असेल,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘मला नसतं जमलं.’’

तो टाक दौतीत बुडवत राहिला. मग वर न बघता त्याने विचारलं, ‘‘आई, मी डोळे उघडलेच नसते, तर?’’

‘‘तर कोण मोजत बसलं असतं?’’ आई म्हणाली आणि निवडलेलं डब्यात भरायला उठली.

लेबलं संपायला पाच महिने लागले. खरं तर तीन महिन्यांत झाली असती, पण त्याने अक्षर फार सुंदर काढलं. शेवटचं सिंहाचं होतं. ते वाळत घातलं त्याच आठवड्यात बारा तारीख आली.

सकाळी आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. या वेळी तो काही बोलला नाही. तिला ते इतकं चमत्कारिक वाटलं, की तिने कपाळाला हात लावून ताप तर नाही ना हे पाहिलं.

मग ती कपाटापाशी गेली, दार उघडलं, पेन्सिल उचलली आणि थांबली. तिची बोटं आताशा थरथरत. तिने पेन्सिल त्याच्यापुढे धरली.

‘‘तू काढ या वर्षी.’’

इसपूने चष्मा पुसला. पेन्सिलीचं टोक पाहिलं. दारावर कुठे, किती अंतरावर, याचा अंदाज घेऊ लागला. वर बारीक अक्षरात ‘त्रेपन्न’ असं लिहिलं तर शोभून दिसेल का, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

‘‘नुसती रेघ ओढ,’’ आई म्हणाली. ‘‘लिहू काही नकोस.’’

त्याने पेन्सिल टेकवली. एकोणतीस वर्षांत त्याचा हात कधी हलला नव्हता. लोक म्हणायचे, याला ओळंबा लागत नाही. रेघ वरून नीट निघाली, अर्ध्यात आली, आणि खाली जाता जाता एकदम घसरली.

‘‘बिघडली,’’ तो म्हणाला. ‘‘थांब, पुसून सरळ काढतो.’’

आईने त्याचा हात धरला.

‘‘राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘पहिलीही अशीच आली होती.’’